ओस्वाल्ड आणि ओस्वियू: मठांना जमीन कोणी दिली, कशासाठी दिली

सातव्या शतकातल्या उत्तर इंग्लंडबद्दल वाचायला घेतलं की पहिल्या काही पानांतच डोकं गरगरतं. ओस्वाल्ड, ओस्वियू, ओस्विने, ओस्रिक, ओस्थ्रिथ. राजघराण्यात नावाचा पहिला तुकडा तोच ठेवायची त्या लोकांना हौस होती आणि तिचा त्रास आपल्याला होतो. सगळ्यात जास्त घोळ होतो तो पहिल्या दोघांचा. दोघे भाऊ, दोघेही राजे, धाकटा थोरल्याच्या पाठोपाठ गादीवर आलेला, आणि दोघांनीही ख्रिस्ती मठांना जमिनी दिलेल्या. ‘ओस्वाल्डने नॉर्थम्ब्रियात (म्हणजे उत्तर इंग्लंडातल्या त्यांच्या राज्यात) मठांची परंपरा सुरू केली’ हे वाक्य वारंवार वाचायला मिळतं. ते खोटं नाही, पण ओस्वियूचं बरंचसं काम त्यात थोरल्या भावाच्या खात्यावर जमा होऊन जातं.

आपल्याला यातलं जे काही कळतं ते मुख्यतः बीड नावाच्या मठवासी इतिहासकारामुळे (मराठवाड्यातल्या बीडशी त्याचा काही संबंध नाही). त्याने आपला मोठा ग्रंथ 731 साली पुरा केला. ओस्वाल्डवर त्याचा फार जीव आहे, आणि घोळाचं अर्धं कारण तेच आहे.

दोघांचा बाप एथेलफ्रिथ 616 च्या सुमारास लढाईत पडला आणि गादी प्रतिस्पर्धी घराण्यातल्या एडविनकडे गेली. मुलं उत्तरेला पळाली. ओस्वाल्ड तेव्हा बारा-एक वर्षांचा असेल, ओस्वियू जेमतेम चार. पश्चिम स्कॉटलंडमधल्या आयरिश भाषिक लोकांत ते वाढले, तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला, तिथलीच भाषा तोंडात बसली. आयोना बेटावरचा मठ त्या मुलखाचं धर्मपीठ होता. दोघांची शिदोरी इथपर्यंत सारखीच आहे.

एडविन 633 मध्ये मारला गेला. त्यानंतरच्या वर्षभरात या दोघांहूनही थोरला भाऊ एअनफ्रिथ गादीवर आला, ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे वळला आणि मारला गेला. बीड सांगतो की राजांच्या कालगणना ठेवणाऱ्यांनी ते लाजिरवाणं वर्षच पुसून टाकलं आणि ते ओस्वाल्डच्या राज्यकाळात धरलं. म्हणजे ओस्वाल्डच्या खात्यावर दुसऱ्याचं जमा करायला त्याच्या स्वतःच्या काळापासूनच सुरुवात झाली होती!

634 मध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळ हेवनफील्डला ओस्वाल्डने वेल्समधल्या ग्विनेडचा राजा कॅडवालन याला हरवलं. लढाईआधी त्याने लाकडी क्रूस उभा केला. खड्ड्यात माती भरली जाईपर्यंत तो स्वतः दोन्ही हातांनी धरून उभा होता, असं बीड लिहितो. राज्य हाती येताच त्याने आयोनाकडे बिशप मागितला. पहिला जो आला तो फार कडक निघाला. हे लोक अडाणी आहेत, शिकवण्याच्या लायकीचे नाहीत, असं सांगत परत गेला. मग 635 मध्ये एडन आला. त्याने आपल्या पीठासाठी लिंडिसफार्न बेट मागितलं आणि राजाने दिलं. भरतीच्या वेळी बेट, ओहोटीला पायवाट, आणि समोरच काही मैलांवर बॅम्बरोचा राजवाडा. एडनला इंग्रजी धड येत नव्हती, म्हणून तो प्रवचन द्यायचा आणि राजा स्वतः दुभाष्या होऊन सरदारांना समजावून सांगायचा.

या देण्यात हिशेब दिसत नाही. ज्यांनी लहानपणी आसरा दिला त्यांच्याकडूनच ओस्वाल्डने गुरू मागवला आणि गुरूने मागितली ती जागा दिली. त्याच्या काळात मठांसाठी आणखीही जमिनी दिल्या गेल्या, असं बीड मोघम म्हणतो, पण नाव ठळकपणे येतं ते लिंडिसफार्नचं. तिथेही बांधकाम फारसं नव्हतंच. तीस वर्षांनी तिथले मठवासी निघून गेले तेव्हा चर्च सोडून अगदी मोजकी घरं उरली होती; पैसा नाही, फक्त गुरंढोरं.

ओस्वाल्ड 5 ऑगस्ट 642 रोजी मध्य इंग्लंडातल्या मर्शियाचा राजा पेंडा याच्याशी लढताना पडला. त्याचं वय अडतीस.

ओस्वियूची गोष्ट इथून सुरू होते आणि तिची चव वेगळी आहे. नॉर्थम्ब्रिया हे दोन राज्यांचं जोडकाम होतं: उत्तरेला बर्निशिया, दक्षिणेला डेइरा. ओस्वाल्डची आई एडविनची बहीण असल्यामुळे त्याला दोन्हीकडे मान होता. ओस्वियूला डेइराने आपला म्हटलं नाही. एडविनच्या घराण्यातलाच ओस्विने तिथे राजा झाला. उंच, देखणा, बोलायला गोड, हाताने सढळ. दूरदूरचे सरदार त्याच्या चाकरीत यायला उत्सुक असत. एडनशी त्याचं विशेष सूत. त्याने एडनला खास राजघोडा दिला आणि एडनने तो खोगिरासकट वाटेतल्या भिकाऱ्याला देऊन टाकला. राजा रागावला तेव्हा एडनने विचारलं, घोडीचं पोर तुला देवाच्या लेकरापेक्षा जास्त आवडीचं आहे का? राजाने पाय धरले.

हा ओस्विने 651 मध्ये ओस्वियूच्या फौजेपुढे आपलं काही चालणार नाही हे ओळखून सैन्य पांगवून, एकाच विश्वासू माणसासह एका सरदाराच्या घरी लपला. त्या सरदारानेच दगा दिला आणि 20 ऑगस्टला ओस्वियूच्या कारभाऱ्याने त्याला ठार मारलं. बारा दिवसांच्या आत एडनही गेला.

आता पाहा. ओस्वियूची राणी एअनफ्लेड ही एडविनची मुलगी, म्हणजे मेलेल्या ओस्विनेची नातलग. घरातच सुतक आणि घरातच गुन्हेगार. तिच्या विनंतीवरून ओस्वियूने खुनाच्या जागी, गिलिंगला, मठासाठी जमीन दिली. मठाचा प्रमुख नेमला तो ट्रमहेरे, तोही ओस्विनेचाच नातेवाईक. तिथे रोज दोघांसाठी प्रार्थना व्हायची होती, मारलेल्या राजासाठी आणि मारणाऱ्या राजासाठीही. त्या समाजात खून झाला की मारेकऱ्याने मृताच्या नातलगांना त्याच्या दर्जाप्रमाणे ठरलेली भरपाई द्यायची आणि वैर मिटवायचं, असा कायदा होता. गिलिंगचा मठ ही तीच भरपाई धर्माच्या मार्फत चुकती केलेली, असं मला तरी स्पष्ट दिसतं: जमीन मृताच्या नातेवाइकाच्या हातात गेली, सुडाची गरज उरली नाही आणि मारणाऱ्याच्या आत्म्याचीही सोय झाली. ओस्वाल्डच्या लिंडिसफार्नशी याची गल्लत करणं म्हणजे वाढदिवसाचा आहेर आणि कोर्टाने ठरवलेली भरपाई एकाच वहीत लिहिण्यासारखं आहे.

चार वर्षांनी दुसरा व्यवहार झाला आणि तो याहून मोठा होता. पेंडा पुन्हा चालून आला. ओस्वियूने आधी त्याला अगणित संपत्ती देऊ केली, पण पेंडाने नाकारली. मग ओस्वियू म्हणाला, हा आपला नजराणा घेत नसेल तर जो घेईल त्या देवालाच देऊ. जय मिळाला तर मुलगी देवाच्या सेवेत वाहीन आणि मठांसाठी बारा ठिकाणच्या जमिनी देईन, असा नवस त्याने केला. 15 नोव्हेंबर 655 रोजी विनवेड नदीकाठी लढाई झाली. नदीला पूर होता. तलवारीने मेले त्याहून जास्त पळताना बुडाले. पेंडा ठार झाला.

आणि ओस्वियूने नवस फेडला, अगदी मोजून. सहा जमिनी बर्निशियात, सहा डेइरात, प्रत्येक दहा हाइडची, एकूण 120 हाइड. हाइड म्हणजे एका कुटुंबाचा चरितार्थ चालेल एवढी जमीन; एकरांत तिचं माप ठिकाणाप्रमाणे बदलायचं, कारण ती मोजायची ती सारा आणि चाकरीसाठी. दोन्ही प्रांतांत सारखी वाटणी केली यामागे, माझ्या मते, भक्तीइतकंच राजकारणही होतं. ज्या डेइराचा लाडका राजा त्याने मारला, तिथल्या लोकांना बर्निशियाच्या बरोबरीचा वाटा मिळाला.

या बारा जमिनींबाबत बीड एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. राजासाठी लढायला माणसं पुरवण्याच्या बंधनातून त्या मोकळ्या केल्या होत्या, म्हणजे तिथल्या मठवाशांनी फक्त स्वर्गाची लढाई लढावी. आपल्याकडच्या देवस्थान इनामांची ज्याला माहिती आहे त्याला याचं वजन लगेच कळेल. सातव्या शतकातला राजा सैन्यावर उभा असायचा आणि सैन्य जमिनीवर. जमीन चाकरीतून सोडणं म्हणजे आपल्याच पायाखालची वीट काढून देणं. ओस्वियूने ती बारा ठिकाणी काढली. शिवाय तेव्हा पेंडा मेलेला असल्याने ते त्याला परवडतही होतं.

मुलगी एल्फ्लेड तेव्हा जेमतेम वर्षाची. तिला हार्टलपूलच्या मठात तिथली मठाधिपती हिल्ड हिच्याकडे सोपवलं. दोन वर्षांनी, 657 मध्ये, हिल्डने दहा हाइड जमिनीवर आज ज्याला व्हिटबी म्हणतात तिथे मठ उभा केला. पुढे एल्फ्लेड तिथेच मठाधिपती झाली. ज्या मुलीची संमती कोणी विचारली नव्हती ती साठाव्या वर्षापर्यंत तिथे राहिली आणि नॉर्थम्ब्रियाच्या राजकारणात तिच्या शब्दाला मान होता. व्हिटबीलाच 664 ची प्रसिद्ध धर्मसभा झाली; ईस्टरची तारीख आयरिश पद्धतीने धरायची की रोमच्या, हा वाद होता. राजा आयरिश पद्धतीने ईस्टर साजरा करून जेवायला बसलेला आणि राणीचे अजून उपास चालू, अशी घरातली अडचण होती. ओस्वियूने रोमच्या बाजूने कौल दिला आणि लिंडिसफार्नचा आयरिश बिशप कोल्मन एडनच्या काही अस्थी घेऊन निघून गेला. भावाने आणलेल्या परंपरेला भावानेच रजा दिली. ही धर्मसभा ओस्वाल्डच्या नावावर टाकणारेही भेटतात. तो तेव्हा मरून बावीस वर्षं झाली होती.

मग संत ओस्वाल्ड, आणि ओस्वियू नाही, असं का? ओस्वाल्ड मूर्तिपूजक शत्रूच्या हातून मेला. पेंडाने त्याचं डोकं आणि हात तोडून खांबांवर टांगले. वर्षभराने ते काढून आणले कोणी, तर ओस्वियूने. डोकं लिंडिसफार्नला, हात बॅम्बरोला चांदीच्या पेटीत. धडाची कथा तर गमतीची आहे. ओस्वियूची मुलगी ओस्थ्रिथ मर्शियाची राणी झाली आणि तिने चुलत्याची हाडं लिंडसी प्रांतातल्या बार्डनीच्या मठात पाठवली. मठवाशांनी गाडी दाराबाहेर उभी ठेवली. राजा साधू असेल, पण त्याने आमच्या मुलखावर परका होऊन राज्य केलं, हा राग होता. रात्रभर गाडीवर प्रकाशाचा खांब दिसला तेव्हा सकाळी दार उघडलं. पुढे हा संप्रदाय जर्मनी-स्वित्झर्लंडपर्यंत पोचला. ओस्वियू अंथरुणावर आजारी पडून 15 फेब्रुवारी 670 रोजी मेला आणि व्हिटबीला पुरला गेला. बरा झालो तर रोमला जाईन म्हणत होता. अंथरुणावर मेलेल्या, हातावर नातलगाचं रक्त असलेल्या राजाचं संतपद कोण मागणार?

जमिनी देण्याची ओस्वियूची पद्धत मात्र चालू राहिली. त्याचा मुलगा एक्गफ्रिथ याने 674 मध्ये वेअरमथच्या मठाला 70 हाइड दिले आणि पुढे जॅरोला 40. जॅरोच्या चर्चचा 23 एप्रिल 685 चा कोरीव दगड अजून तिथे आहे. ओस्वाल्डची थोरवी गाणारा बीड वयाच्या सातव्या वर्षापासून याच दोन मठांत वाढला, म्हणजे ओस्वियूच्या मुलाने दिलेल्या जमिनीवर. 734 मध्ये, शेवटच्या आजारपणाच्या आधीच्या वर्षी, त्याने यॉर्कचा बिशप एक्गबर्ट याला एक संतापलेलं पत्र लिहिलं. सरदार आणि कारभारी राजाकडून सनदा मिळवतात, नावापुरता मठ काढतात, बायकामुलांसह त्यात राहतात आणि चाकरीतून सुटतात, अशी त्याची तक्रार आहे. तरुण योद्ध्यांना द्यायला राजाकडे जमीन उरलेली नाही, ते समुद्रापार निघून जातात, आणि शत्रू आला तर लढणार कोण, असं तो विचारतो.