क्रोनोग्राफ वेगळं, क्रोनोमीटर वेगळं

भुसावळला मामांकडे एक जुनं स्विस घड्याळ आहे, बाजूला दोन बटणंवालं, आणि घरात जो येतो तो म्हणतो वा क्रोनोमीटर! नाही भो, ते क्रोनोग्राफ आहे. जळगावच्या सराफ बाजारात फिरलेल्याला हे पटकन कळेल, क्रोनोग्राफ म्हणजे दागिन्याचा प्रकार, पोत किंवा पाटली, आणि क्रोनोमीटर म्हणजे त्यावरचा हॉलमार्क.

क्रोनोग्राफ म्हणजे घड्याळातच स्टॉपवॉच. वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा पळतो, परत दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की टचकन शून्यावर. मामा रेल्वेतून रिटायर, जळगावला जाताना खिडकीतून किलोमीटरची पाटी दिसली की बटण दाबणार, पुढच्या पाटीला परत दाबणार, आणि काटा 45 सेकंदांवर थांबला तर कडेच्या टॅकीमीटरच्या आकड्यात 80 वाचून दाखवणार, म्हणजे गाडी ताशी 80 ने चाललीये.

क्रोनोमीटरला बटण लागतच नाही, ते नुसतं अचूकतेचं सर्टिफिकेट. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था 1973 पासून आहे, ती घड्याळाचं मशीन 15 दिवस 5 पोझिशनमध्ये तपासते, 8, 23 आणि 38 डिग्रीला (38 म्हणजे आपल्याकडे मे महिन्यातली सकाळ), आणि दिवसाला सरासरी 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे यात बसलं तरच पास.

पण जुन्या बाजारात लोक वेडे होतात ते क्रोनोग्राफसाठी, आणि त्यातल्या कित्येकांना हे सर्टिफिकेट नाहीच. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन, त्याची रोलेक्स डेटोना (रोलेक्सचं क्रोनोग्राफ) 2017 ला न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरला गेली, ती चावी द्यायची होती आणि क्रोनोमीटर पण नव्हती. तिच्यासारखी डायल असलेली डेटोना नवी असताना कोणाला आवडायची नाही, दुकानात पडून राहायची, म्हणून बनली कमी आणि आता शोधून सापडत नाही. पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं 1518 मॉडेल, हे पण क्रोनोग्राफच, 1941 ला आलं, एकूण बनलं 281, बहुतेक सोन्यात, स्टीलचे माहितीतले फक्त चार. त्यातलं एक 2016 ला 1 कोटी 10 लाख स्विस फ्रँकला विकलं गेलं. सोन्यापेक्षा स्टील महाग, हे आमच्या जळगावात सांगून बघा, लोक हसतील.

मामांच्या घड्याळाची डायल पिवळी पडलीये, कडेला चरे आहेत. जुन्या घड्याळाची मूळ डायल रंगवली की किंमत पडते, केस म्हणजे बाहेरची धातूची डबी घासून चकचकीत केली तरी तेच. मामी परवा म्हणत होती बाजारात देऊन मस्त नवी डायल बसवून आणते, मी म्हटलं मामी, घड्याळ पाहिजे तर धान्याच्या डब्यात लपवून ठेव पण तेवढं करू नको.