नाझींचं स्वस्तिक ‘उलटं’ होतं का?

‘आपलं स्वस्तिक सुलटं, नाझींचं उलटं’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. पवित्र चिन्हाची बदनामी होऊ नये, या कळकळीतून तो पुढे जातो. ती कळकळ मलाही आहे, पण फरक दिशेत नाही.

उंबऱ्यावरच्या रांगोळीतलं स्वस्तिक पाहा. वरच्या रेघेचं टोक उजवीकडे वळतं. तेच कागदावर काढा आणि कागद 45 अंश फिरवा. नाझी झेंड्यावरची आकृती समोर येते. कागद कितीही फिरवला तरी दिशा बदलत नाही. ती फक्त आरशात बदलते. झेंडा मागून दिसला, तर कधी उलट भासतो.

शिवाय डावीकडे वळणारं स्वस्तिकही अशुभ नाही. जपानी नकाशांत ते बौद्ध मंदिराची खूण आहे.

मग फरक कशात? चिन्हाला दिलेल्या अर्थामध्ये. 1870च्या दशकात आजच्या तुर्कस्तानातल्या ट्रॉय या प्राचीन नगराच्या उत्खननात हे चिन्ह सापडलं. पुढे जर्मनीतल्या कट्टर राष्ट्रवादी गटांनी ते ‘आर्य वंशा’शी जोडलं. 1920 मध्ये ते नाझी झेंड्यावर आलं. संस्कृतात मात्र ‘आर्य’ हे आदरवाचक विशेषण. नाटकांत पत्नी पतीला ‘आर्यपुत्र’ म्हणते, त्यात केसांचा किंवा डोळ्यांचा रंग कुठेच नाही.