स्टर्ट्स डेझर्ट रोझ: नावात गुलाब, कुळात कापूस

आपल्या रोपवाटिकांत ‘डेझर्ट रोझ’ मागितलं की अडेनियमची कुंडी पुढे येते. ऑस्ट्रेलियातलं ‘स्टर्ट्स डेझर्ट रोझ’ हे झुडूप निराळं. फिकट जांभळ्या पाच पाकळ्या, तळाशी गर्द लाल डाग. भेंडीचं फूल पाहिलेल्याला नातं लगेच कळेल. हा रानकापूस आहे.

हे नाव ज्याच्यावरून पडलं तो शोधप्रवासी चार्ल्स स्टर्ट १८४४ मध्ये ॲडलेडहून खंडाच्या आतल्या भागात निघाला. मध्यभागी समुद्र सापडेल या आशेने त्याने होडीसुद्धा बरोबर घेतली होती. हाती लागली ती वाळू आणि दगडगोटे. मोहिमेत गोळा झालेल्या वनस्पती वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊनने तपासल्या, आणि स्टर्टच्या १८४९ मधल्या वृत्तांताच्या परिशिष्टात या झुडपाला नाव दिलं ‘स्टर्टिया गॉसिपिऑइडिस’. म्हणजे स्टर्टच्या नावाचा नवा वंश, आणि जात ‘कापसासारखी’. पंचाहत्तरीतल्या ब्राऊनला नातं दिसलं होतं, तरी त्याने घर वेगळं मांडलं.

मेलबर्नचा वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनंड फॉन म्युलर याने ते कापसाच्या वंशात, म्हणजे ‘गॉसिपियम’मध्ये, आणलं आणि ‘गॉसिपियम स्टर्टी’ म्हटलं. निर्णय योग्य होता, नाव नियमात बसलं नाही. वनस्पती दुसऱ्या वंशात गेली तरी जातीचं जुनं नाव सोबत न्यावं लागतं. म्हणजे ‘गॉसिपियम गॉसिपिऑइडिस’, कापसासारखा कापूस! पण म्युलरनंतर हे नाव मेक्सिकोतल्या एका रानकापसाला मिळालं. मधल्या काळात कुणी आपलं झुडूप ‘सिएनफ्युगोसिया’ वंशातही टाकलं. अखेर १९४७ मध्ये जेम्स विलिसने ‘गॉसिपियम स्टर्टियानम’ हे नाव दिलं, आणि तेच आज चालतं.

मला या गुंत्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते गुणसूत्रांचं. या झुडपात २६ गुणसूत्रं आहेत, आपल्या देशी कापसाइतकीच. अमेरिकन कापसात ५२. तरी हा जनुकसंच निराळा, म्हणून तज्ज्ञ त्याला ‘सी’ गटात धरतात, तर देशी कापूस ‘ए’ गटात. बियांवर धागा नावापुरताच, पण सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य नसतं, पानांत मात्र असतं. हा गुण लागवडीच्या कापसात आणण्यासाठी संकरकारांनी बरेच प्रयत्न केले आहेत.

१९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशाने हे फूल आपलं मानचिन्ह केलं. टेरिटरीच्या १९७८ च्या ध्वजावर त्याला सात पाकळ्या आहेत, सहा राज्यांच्या सहा आणि टेरिटरीची एक.