वाट बंद होणे आणि वाट धोक्याची होणे: सुएझ 1967, आखात 1984

समुद्रमार्गावर हल्ले सुरू झाले की दोन जुनी उदाहरणे हमखास निघतात: 1967 चा सुएझ आणि इराण-इराक युद्धातले, 1984 ते 88 चे आखातातले टँकर युद्ध. दोन्ही एकाच माळेत ओवली जातात. तिथेच अंदाज चुकतो.

सुएझमध्ये वाटच उरली नव्हती. जून 1967 च्या अरब-इस्रायल युद्धात इजिप्तने कालवा बंद केला, तो उघडला 5 जून 1975 ला. ग्रेट बिटर सरोवरात 14 जहाजे अडकली; डेकवर वाळवंटाची वाळू साचायची, म्हणून त्यांना ‘पिवळा ताफा’ म्हणत. बाकीची जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. खर्च वाढला, पण तो आधीच मोजता येत होता.

आखातात उलटे होते. वाट उघडी होती, पण कुवेतसारख्या देशाच्या तेलाला दुसरी नव्हतीच. चारशेहून अधिक जहाजांवर हल्ले झाले, तरी आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझ सामुद्रधुनीतली वाहतूक थांबली नाही. इराण खार्ग बेटावरचे तेल आपल्याच जहाजांतून खाली सिरी बेटापर्यंत आणून देई आणि विम्याचा वाढलेला भार सोसायला गिऱ्हाइकाला किमतीत सूट देई. जुलै 1987 मध्ये अमेरिकी संरक्षणात निघालेला ‘ब्रिजटन’ टँकर सुरुंगावर आदळला, तरी चालत राहिला. राखणीला आलेल्या युद्धनौका मग त्याच्याच मागे ओळीने लागल्या, कारण सुरुंगाचा दणका त्या अवाढव्य टँकरला सोसत होता, त्यांना नाही.

नोव्हेंबर 2023 पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात हल्ले सुरू केले तेव्हा अनेकांना 1967 आठवले. कालवा मात्र उघडाच होता. हल्ले आखातातल्यापेक्षा कितीतरी कमी, तरीही सुएझमधून 2023 मध्ये 26 हजारांवर जहाजे गेली आणि 2024 मध्ये जेमतेम 13 हजार. कारण साधे: आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा, म्हणजे केपचा वळसा हाताशी होता. म्हणून आधी पर्यायी वाट आहे का ते बघायचे, हल्ले मोजायचे ते नंतर.

कालवा ‘बंद’ केला तो हिशेबाने. जहाजाचा युद्धजोखीम विमा साधारण सात दिवसांसाठी, जहाजाच्या किमतीच्या टक्केवारीत आकारतात. दर 0.7 टक्के धरला तर 10 कोटी डॉलरच्या जहाजाला एका खेपेचे 7 लाख डॉलर. त्यापुढे दहा-चौदा दिवसांचे जादा इंधन बऱ्याच कंपन्यांना परवडले. नाशिकच्या द्राक्षांना परवडले नाही: रॉटरडॅमचा रीफर (शीत) कंटेनर सुमारे दोन आठवडे उशिरा पोहोचला, तर भाडे वाढते ते वेगळेच, मालाचे दुकानात टिकायचे दिवसही समुद्रातच संपतात.

होर्मुझला हा हिशेब लागू नाही. होर्मुझ टाळणारी सौदीची यान्बूची आणि अमिरातीची फुजैराची पाइपलाइन मिळूनही तिथून जाणाऱ्या सगळ्या तेलाला पुरत नाही. शिवाय यान्बू लाल समुद्रावरच आहे, म्हणजे आशियाकडे येताना पुन्हा हुथींच्या दारातूनच यायचे! कतारच्या द्रवरूप वायूला तेवढीही सोय नाही. अशा ठिकाणी जादा दिवस धरून भागत नाही, साठा लागतो. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरच्या भूमिगत टाक्यांत मिळून 53.3 लाख टन कच्चे तेल मावते. स्वयंपाकाच्या गॅसचा एवढा साठा आपल्याकडे नाही.

निर्यातदाराने आपली पॉलिसी उघडून बघावी. मालाच्या नेहमीच्या विम्यात युद्धजोखीम वगळलेली असते. ती वेगळी घ्यावी लागते आणि विमा कंपनी बहुधा सात दिवसांच्या नोटिशीवर ती काढून घेऊ शकते. बोटीवर चढलेल्या मालाला ती नोटीस सहसा लागत नाही, गोदामातल्या मालाला लागते.