पन्नास टक्के, पण कशाचे?

भारतानं पॅरिस करारातलं 50 टक्क्यांचं उद्दिष्ट 2030 ऐवजी 2025 मध्येच गाठलं ही बातमी आली आणि आमच्या साताऱ्याच्या ग्रुपवर लगेच 'आता निम्मी वीज कोळशाशिवाय' असे मेसेज सुरू झाले. तसं नाहीये. कोळसा-गॅसशिवायची निम्म्यावर गेलीय ती स्थापित क्षमता, म्हणजे यंत्रं पूर्ण जोरात चालली तर किती वीज देतील तो आकडा, युनिटमध्ये मोजलं तर अजून 70 टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाचीच आहे.

असं का? जुलैत चाळकेवाडीच्या पठारावर जा, छत्री उलटी होते आणि पवनचक्क्या घोंघावत असतात. डिसेंबरात जा, निम्मी पाती गप्प. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनानं वाढते. वेग दुप्पट झाला की सेकंदाला पात्यांतून दुप्पट हवा जाते आणि त्यातल्या प्रत्येक किलो हवेची गतिज ऊर्जा वर्गानं म्हणजे चौपट, बे चोक आठ. उलटंही तसंच, सेकंदाला 12 मीटरचा वारा 6 वर आला की शक्ती निम्मी नाही, आठवा हिस्सा उरते, 4 वर आला तर सत्ताविसावा. त्यातही बेट्झच्या नियमानं 59 टक्क्यांच्या वर ऊर्जा काढताच येत नाही, कारण सगळी काढली तर हवा पात्यामागं थांबेल आणि मागून येणाऱ्या हवेला जायला वाटच राहणार नाही. कागदावरचे मेगावॉट मात्र बारा महिने तेच.

(पवनचक्क्या ढग पळवतात म्हणून पाऊस पडत नाही, असं माण-जतकडं अजून ऐकू येतं. 1972 च्या दुष्काळात कुठं होत्या पवनचक्क्या? तो पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, तेव्हाही होता.)

म्हणून कोळसा सोडायची राजकीय इच्छाशक्ती मेगावॉटवर मोजू नका, संध्याकाळी सातला मोजा. सोलर बंद, घराघरात दिवे चालू, तेव्हा भार उचलतो कोळसा आणि आपली 1960 मेगावॉटची कोयना, पाणी सोडलं की काही मिनिटांत वीज. पण वीज करायला पश्चिमेला वळवायचं ते पाणी कृष्णा पाणीवाटप लवादानं वर्षाला 67.5 टीएमसीवर बांधलंय, आणि धरणातल्या बाकीच्या पाण्यावर सांगलीची शेती आहे. म्हणजे बॅटऱ्या, पंप्ड स्टोरेज (वीज जास्त असताना पाणी वर चढवायचं, लागेल तेव्हा खाली सोडून वीज करायची), नव्या लाइनी लागणार, पैसा आत्ता घालायचा आणि फळ दोन निवडणुकांनंतर.

सौर कृषी वाहिनी योजना मला पटते ती ह्याचसाठी, शेतीची वीज ऊन असतानाच द्यायची म्हणजे रात्रीचा तेवढा भार कमी होतो. वाळव्याकडचे माझे मामा आयुष्यभर उसाला पाणी द्यायला रात्री दोनला काठी आणि बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जायचे, आता सकाळी नऊला चहा पिऊन जातात.