स्वव्यवस्थापन कौशल्यांचे शिक्षण

वर्तनविषयक अडचणी असलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या वागण्याकडे पाहायला, त्याची नोंद ठेवायला, ते ठरलेल्या मापाशी ताडून बघायला आणि त्यानुसार पुढे काय करायचे ते ठरवायला पद्धतशीरपणे शिकवणे, म्हणजे स्वव्यवस्थापनाचे शिक्षण. विशेष शिक्षण आणि उपयोजित वर्तन विश्लेषण (वर्तनाचे नियम अभ्यासून ते प्रत्यक्ष अडचणींवर वापरणारी शाखा) या दोन क्षेत्रांत ही पद्धत घडत गेली. सतत जागेवरून उठणारे, मध्येच ओरडून बोलणारे, काम अर्धवट टाकणारे किंवा चिडून हात उगारणारे मूल एरवी मोठ्यांच्या पहाऱ्यात वाढते. टोकायचे शिक्षकांनी, शाबासकी द्यायची शिक्षकांनी आणि वहीत शेरा लिहायचा तोही शिक्षकांनीच. मग शिक्षकांची पाठ वळली की वागणे मूळ पदावर येते, कारण लगाम सगळा दुसऱ्याच्या हातात असतो. तो थोडा थोडा करून मुलाच्या हाती देणे, हा या शिक्षणाचा हेतू आहे.

यामागचा विचार अमेरिकन वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५३ मध्ये मांडला. आत्मसंयम हा काहींना जन्मतः मिळालेला गुण आहे, असे त्यांनी मानले नाही. माणूस एक कृती करून आपल्याच दुसऱ्या कृतीची शक्यता वाढवतो किंवा कमी करतो. अभ्यास व्हावा म्हणून लक्ष विचलित करणारी वस्तू नजरेआड ठेवतो, तसे. संयम हेही वर्तनच असेल, तर ते शिकवता येते. पुढे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॅन्फर यांनी स्वनियमनाचे तीन दुवे सांगितले : स्वतःचे निरीक्षण, स्वतःचे मूल्यमापन आणि स्वतःला दिलेले प्रबलन, म्हणजे चांगले वागणे टिकावे म्हणून दिलेली शाबासकी किंवा बक्षीस. वर्गात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक पद्धती याच तीन दुव्यांवर उभ्या आहेत.

वर्गातील प्रयोगांत १९७१ चा ब्रोडेन, हॉल आणि मिट्स यांचा अभ्यास आवर्जून सांगावा असा आहे. आठवीतली एक मुलगी इतिहासाच्या तासाला सुमारे ३० टक्के वेळच अभ्यासात असे. शाळेच्या समुपदेशकांनी तिला एक चिठ्ठी दिली. तिच्यावर दहा-दहा चौकोनांच्या तीन ओळी होत्या. तासाला आठवेल तेव्हा, त्या क्षणी अभ्यास चालू असेल तर अधिकचे चिन्ह, नसेल तर उणे, एवढेच करायचे. तिचे अभ्यासातले प्रमाण ७८ टक्क्यांच्या आसपास गेले. चिठ्ठी काढून घेतल्यावर ते घसरले. तिच्या खुणा निरीक्षकाच्या नोंदींशी रोज जुळत नव्हत्या, तरीही वागणे बदलले. नोंद करण्याच्या कृतीनेच नोंदले जाणारे वर्तन बदलते, या परिणामाला प्रतिक्रियात्मकता म्हणतात. म्हणून मुलाची नोंद चुकली की लगेच त्याला खोटारडे ठरवणे, ही या पद्धतीतली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. चौकोनापाशी पेन्सिल थबकते तो क्षण मोलाचा : मूल तेवढ्यापुरते आपल्याकडे बाहेरून पाहत असते.

त्याच अभ्यासातला दुसरा भाग लोक विसरतात. गणिताच्या तासाला मध्येच बोलणाऱ्या एका मुलाच्या बाबतीत स्वनोंदीने सुरुवातीला फरक पडला. मध्ये नोंद थांबवून ती पुन्हा सुरू केली, तेव्हा परिणाम नगण्य होता. नुसता कागद फार काळ काम करत नाही. त्याला शिक्षकांच्या दखलेची आणि शाबासकीची जोड लागते.

शिकवण्याची सुरुवात वर्तनाची नेमकी व्याख्या करण्यापासून होते. ‘शहाण्यासारखं वाग’ हे वाक्य अशा मुलांनी असंख्य वेळा ऐकलेले असते आणि त्यातून काय करायचे, हे त्यांना कधीच कळलेले नसते. ‘बोलण्याआधी हात वर करणे’, ‘नजर वहीवर किंवा शिकवणाऱ्याकडे असणे’ अशी डोळ्यांना दिसणारी, मोजता येणारी आणि शक्यतो ‘काय करायचे’ हे सांगणारी भाषा हवी. मग शिक्षक स्वतः दोन्ही प्रकारे वागून दाखवतात आणि मूल ‘हे हो, हे नाही’ असे ओळखते. हा सराव झाल्याशिवाय कार्ड देऊ नये. कार्ड म्हणजे बाकाच्या कोपऱ्याला चिकटवलेला तळहाताएवढा कागद : वर एक प्रश्न, ‘मी कामात आहे का?’, खाली चौकोन. आठवण देण्यासाठी ध्वनी, घड्याळाचा कंप किंवा शिक्षकांची ठरलेली खूण चालते. १९७९ मध्ये डॅनियल हॅलहॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिफितीवर अनियमित अंतराने वाजणारा सूर वापरला होता; तो ऐकला की मुलाने ‘मी लक्ष देत होतो का?’ असे मनाशी विचारून खूण करायची.

स्वमूल्यमापन ही याच्या पुढची पायरी. इथे ‘हो-नाही’ पुरत नाही, किती चांगले झाले हे ठरवावे लागते. ऱ्होड, मॉर्गन आणि यंग यांनी १९८३ मध्ये वर्तन अडचणी असलेल्या सहा मुलांना शून्य ते पाच अशा मापावर स्वतःला गुण द्यायला शिकवले. शिक्षकही वेगळे गुण देत. दोन्ही गुण तंतोतंत जुळले तर एक गुण जास्तीचा. एकाचा फरक असेल तर मुलाने दिलेले गुण तसेच राहत. फरक त्याहून मोठा असेल तर काहीच नाही. यातली खुबी अशी, की दिवस वाईट गेला तरी ‘आज माझे दोनच’ असे प्रामाणिकपणे म्हणणाऱ्या मुलाच्या पदरात काहीतरी पडते. ज्याला आजवर फक्त दोष ऐकायची सवय आहे, त्याला हा अनुभव नवा असतो. मुलाने पाच लिहिले आणि शिक्षकांनी तीन, अशा वेळी दोन मिनिटे शेजारी बसून ‘या पंधरा मिनिटांत काय काय झालं, आठव बरं’ असे विचारणे, हाच खरा धडा. ताडून पाहणे पुढे हळूहळू विरळ करतात आणि शेवटी फक्त मुलाचे गुण उरतात. या अभ्यासात विशेष वर्गात शिकलेले कौशल्य नेहमीच्या वर्गात नेण्यासाठी हाच मार्ग वापरला गेला.

स्वसूचना ही वेगळ्या मुळाची पद्धत. मूल स्वतःशी मोठ्याने बोलत बोलत स्वतःला वळण लावते आणि ते बोलणे पुढे मनात उतरते, हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की आणि लुरिया यांचे प्रतिपादन. त्याच्या आधारे माइकेनबॉम आणि गुडमन यांनी १९७१ मध्ये उतावळ्या मुलांना पाच टप्प्यांत शिकवले : आधी मोठ्या माणसाने बोलत काम करून दाखवणे, मग त्याच्या सूचनेवर मुलाने करणे, मग मुलाने मोठ्याने बोलत, नंतर पुटपुटत आणि शेवटी मनातल्या मनात. दाखवणारा मुद्दाम एक चूक करतो आणि ‘असू दे, सावकाश पुढे जाऊ’ म्हणत ती सुधारतो. चूक झाल्यावर कागद फाडणाऱ्या मुलासाठी सगळ्या टप्प्यांत हीच गोष्ट सर्वांत उपयोगाची ठरू शकते.

उद्दिष्ट ठरवणे आणि स्वप्रबलन हे भाग सहसा वरील पद्धतींना जोडून येतात. उद्दिष्ट मूल आज जिथे आहे, त्याच्या किंचित वर असावे. दर पाच मिनिटांनी उठणाऱ्याला तासभर बसायला सांगणे म्हणजे त्याला पहिल्याच दिवशी हरवणे.

पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. जे कौशल्य मुलाकडे नाही, ते नोंदीने येत नाही; वाचता न येणारे मूल ‘मी वाचतोय का?’ या प्रश्नापुढे हताशच होते. वर्तनामागचे कारणही आधी शोधावे लागते. अवघड काम टाळण्यासाठी गोंधळ घालणाऱ्याला मदत कशी मागायची ते शिकवावे लागते, लक्ष वेधून घेऊ पाहणाऱ्याकडे योग्य वागण्याच्या वेळी लक्ष द्यावे लागते. स्वतःला किंवा इतरांना इजा होईल इतक्या तीव्र वर्तनात स्वव्यवस्थापन हा पहिला उपाय नव्हे. कार्ड शिक्षा म्हणून दिले, किंवा चारचौघांत त्यावरून मुलाला बोलले, तर मूल ते फाडून टाकते आणि त्यात त्याचे चुकत नाही.

वागणे स्थिरावले की खुणांमधले अंतर पाच मिनिटांवरून दहा, दहावरून अर्धा तास असे वाढवत नेतात. कार्ड बाकावरून वहीच्या शेवटच्या पानात जाते आणि मग एक दिवस काढायचे राहून जाते. लांबलचक सुटीनंतर किंवा शिक्षक बदलल्यावर ते काही दिवस पुन्हा बाहेर काढावे लागते. पुष्कळदा ते मूल आपणहोऊन मागते.