पार्श्वभूमी : छोट्या रेल्वेतलं कपलिंग

पुण्यात हौसेनं रेल्वेच्या प्रतिकृती जमवणाऱ्यांकडे अमेरिकी, जर्मन आणि ब्रिटिश बनावटीचे डबे शेजारी येतात आणि एकमेकांना जोडले जात नाहीत. यातला सगळ्यात लांबलेला घोळ अमेरिकी डब्यांचा.

खऱ्या रेल्वेत तिथे १८९३ च्या कायद्यानं आपोआप अडकणारे कपलर सक्तीचे झाले, कारण डब्यांमध्ये शिरून जोडणी करताना माणसं मरत होती. प्रतिकृतींना मात्र बराच काळ ज्याचा त्याचा आकडा होता. १९५० च्या दशकात तिथल्या हौशी मंडळींच्या संघटनेनं एचओ मापासाठी (खऱ्याच्या १/८७ आकाराच्या प्रतिकृतींसाठी) ‘एक्स-टू-एफ’ कपलर आखला. तो प्रायोगिकच राहिला, मानक म्हणून मंजूर झाला नाही. तरी पेटंटचे पैसे द्यावे लागत नसल्यानं उत्पादकांनी तोच उचलला आणि स्वस्त संचांमध्ये तो काही दशकं टिकला. कुणाचाही डबा कुणालाही जोडता आला, हे त्याचं श्रेय खरंच आहे. पण तो आडवा सरकून अडकतो. गाडी मागे ढकलली की डब्याला बाजूनं रेटा बसतो आणि वळणावर हलका डबा घसरतो. शंटिंगची, म्हणजे डबे पुढे-मागे हलवून जोडण्या-सोडण्याची, गोडी असलेल्यांचं यानं फार नुकसान केलं.

त्याच दशकाच्या अखेरीस ओरेगॉनमधल्या जुळ्या भावांचा चुंबकावर उघडणारा कपलर आला. ब्रेकच्या नळीसारखी दिसणारी तार रुळांमधल्या चुंबकाकडे ओढली जाते. इंजिन किंचित मागे घेऊन ताण सैल केला की कपलर सुटतात. नंतर डबा ढकलत नेला तरी पुन्हा अडकत नाहीत, हव्या त्या जागी सोडता येतो. हात न लावता! पेटंटची मुदत संपल्यावर इतरांनीही तसेच कपलर काढले आणि ‘एक्स-टू-एफ’ मागे पडला.

भारतीय गाड्या मांडणाऱ्यांपुढचा प्रश्न अलीकडचा आहे. मालगाड्यांना सीबीसी, म्हणजे मधोमध बसणारे आपोआप अडकणारे कपलर, आधीच आले होते; प्रवासी गाड्यांच्या जुन्या पद्धतीच्या आयसीएफ डब्यांना मात्र हातानं आवळायचं स्क्रू कपलिंग आणि दोन्ही बाजूंना धक्का झेलणारे बफर. २०२२ मध्ये डेक्कन क्वीनला सीबीसी असलेले नव्या पद्धतीचे एलएचबी डबे लागले. त्याआधीची गाडी हुबेहूब करायची तर स्क्रू कपलिंगच हवं, पण घरातल्या घट्ट वळणांवर बफर एकमेकांत अडकतात. म्हणून बरेच जण रेकच्या (डब्यांच्या अख्ख्या माळेच्या) आत साधा आकडा ठेवतात आणि खरं कपलिंग फक्त दोन टोकांना लावतात. घाट चढायला मागून ढकलणारं जादा इंजिन, म्हणजे बँकर, कर्जतला लागतो तो अशा टोकालाच, आणि लोणावळ्याला सुटतो तोही तिथूनच.